कुंभारमाठात भाड्याने द्यायला बांधलेलं घर: कॉन्ट्रॅक्टरच्या कामाचा पावसाळ्यांनंतरचा हिशेब

भाड्याने देण्यासाठी घर बांधणाऱ्याने कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावं, की या घरात मी राहणार नाही. मी सांगितलं होतं. त्याने मानही हलवली. आणि तरी शेवटपर्यंत तो माझ्यासाठीच बंगला बांधत राहिला. त्याच्या कामात जे चांगलं आहे ते यामुळेच चांगलं झालं, आणि जे बिघडलं तेही यामुळेच बिघडलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्याचं नाव लिहीत नाही. पंचक्रोशीतलाच माणूस आहे, आंगणेवाडीच्या जत्रेत समोरासमोर येतो, आणि काम वाईट केलं असंही नाही. नाव कळण्यापेक्षा त्याच्याकडून कुठलं काम करून घ्यावं आणि कुठलं घेऊ नये, हे कळणं वाचणाऱ्याच्या जास्त कामाचं आहे.

माझ्याविषयी थोडक्यात. एसटीत हिशेब शाखेत नोकरी झाली. एसटीवाल्याला सरकारी पेन्शन नसते, फंड कार्यालयाच्या ईपीएस-95 पेन्शनचं जे काही येतं त्यात गॅस आणि औषधं भागतात. फंड, ग्रॅच्युइटी, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीतून आलेले आणि मुलाने घातलेले, असे पैसे एकत्र करून मालवणजवळच्या कुंभारमाठातल्या बिनशेती प्लॉटवर चार बिऱ्हाडांचं घर बांधायचं ठरलं. खाली दोन, वर दोन. प्रत्येकी एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पावणेपाचशे चौरस फुटांच्या आसपास. जिना आणि पडव्या धरून एकूण 2,200 चौरस फूट.

सगळ्यांचा सल्ला एकच होता, तारकर्लीला होमस्टे काढा. तो मी मानला नाही. पहिलं कारण जागा. समुद्राला लागून नवीन बांधायचं तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आडवं येतं. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर, नाहीतर 200 मीटर जागा मोकळी सोडावी लागते. देवबागेसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी असलेल्या पट्टीत एवढं मोजून उरतं काय? दुसरं कारण हंगाम. मे संपला की किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. पर्यटक त्यानंतर दिसतो तो थेट दसरा-दिवाळीला. तिसरं कारण आमच्या मंडळींचे गुडघे. रोज चादरी धुवायच्या, सोलकढी करायची आणि रात्री अकराला येणाऱ्या गाडीसाठी जागायचं, हे साठीत जमणारं नाही. ज्यांच्या घरात काम करणारी तरुण सून किंवा मुलगी आहे त्यांनी जरूर करावं. पर्यटन संचालनालयाची 'आई' योजना बायकांच्या नावावरच्या पर्यटन व्यवसायासाठी आहे, 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. आमचं गिऱ्हाईक वेगळं होतं. कुंभारमाठात शासकीय तंत्रनिकेतन आहे, मालवणात बँका आणि सरकारी कचेऱ्या आहेत. बदलीवर आलेल्या माणसाला भर जुलैतही डोक्यावर छप्पर लागतंच.

करार सामानासकट केला, 1,850 रुपये चौरस फूट. मजुरीवर दिलं असतं तर दर निम्म्याच्याही खाली आला असता, पण मग सिमेंटच्या गोणी मोजत उन्हात मी बसलो असतो. स्टँपपेपरवर हप्ते लिहून घेतले: जोत्याला इतके, दार-खिडक्यांवरच्या लिंटलला इतके, स्लॅबला, प्लास्टरला, शेवटच्या कामाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत माझ्याकडे. हे ऐकून तो हसला होता. "तात्यानू, पावसात काय ता कळतलाच," म्हणाला. कळलंच.

आधी चांगल्या कामाचं सांगतो. चिऱ्याच्या, म्हणजे भिंतीसाठी कापलेल्या जांभ्या दगडाच्या, बाबतीत या माणसाला तोड नाही. आमच्याकडे खाणी डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे चिरा म्हणजे चिरा असं लोक धरून चालतात. तसं नसतं. खाणीत वरचा कातळ घट्ट, तांबूस, भोकाभोकांचा असतो. खाली जावं तसा तो मऊ, पिवळसर-पांढरट, चिकणमातीच्या बाजूला झुकत जातो. मशीनवर कापला की दोन्ही सारखेच चौकोनी दिसतात. ट्रक आला की हा गडी थापी घेऊन बसायचा, प्रत्येक चिऱ्यावर ठोकायचा आणि बद्द वाजलेला बाजूला टाकायचा. एका ट्रकमधला बराच माल त्याने ड्रायव्हरशी भांडून परत पाठवला, आणि ते पैसे माझे नव्हते, त्याचेच होते. शिवाय ताजा कापलेला चिरा लगेच लावला नाही, थोडे दिवस वाऱ्यावर ठेवला. जांभा हवेत घट्ट होतो हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. भिंती आज खणखणीत आहेत. भाडेकरू टीव्हीसाठी ड्रिल मारतो तेव्हा बिट तापतो, तेवढी तक्रार ऐकू येते.

वाळूवरून मात्र वाद झाला. कर्लीची आणि कालावलची खाडी जवळ, त्यामुळे खाडीची वाळू स्वस्तात मिळते आणि 'धुतलेली आहे' असं सांगून मिळते. खाडीच्या वाळूत मीठ असतं, ते काँक्रीटमधल्या सळ्यांना गंज आणतं. गंजलेली सळी फुगते आणि काही वर्षांत स्लॅबच्या पोटाचे पापुद्रे सुटायला लागतात. मालवणातल्या कितीतरी घरांच्या गॅलऱ्यांखाली मान वर करून बघा, तांबडे डाग आणि उघड्या सळ्या दिसतील. एका मास्तरांनी साधी चाचणी सांगितली: वाळू स्वच्छ पाण्यात ढवळून वरचं पाणी घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. दुधासारखं पांढरं झालं की मीठ आहे. झालं. दुधासारखंच झालं. कॉन्ट्रॅक्टर दोन दिवस रुसला, मग काँक्रीटसाठी क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आणली. खाडीची वाळू त्याने प्लास्टरला वापरू द्या म्हटलं, तेही दिलं नाही. दरातला फरक आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. इथे त्याची बाजूही सांगायला हवी. 'आमच्या बापाने खाडीच्या वाळूत घरं बांधली' असं तो म्हणत होता, आणि ते खरंच होतं. पण बापाच्या घरात सळ्या नव्हत्या. चिरा, चुना आणि वासे होते.

आमच्या इंजिनिअरने नकाशावर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाचा हवाला देऊन एम 25 ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर 30 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, लिहून दिलं होतं. समुद्राच्या तोंडावर घर असेल तर त्याहून जास्त लागतं, एम 30 आणि 45 मिलिमीटर. कव्हरसाठी साइटवर पूर्वी दगडाची कपची सारायचे, आम्ही सिमेंटचे ब्लॉक आणले. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी आणि इंजिनिअर गुडघ्यावर बसून ते तपासले. पाणी मारण्यात कॉन्ट्रॅक्टरने कसूर केली नाही. मार्चमधल्या स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी तुंबवून ठेवलं. टँकरचा खर्च त्याच्या अंगावर होता, तरी हात आखडला नाही.

आणि छप्पर. कोकणात 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे नुसती सपाट स्लॅब म्हणजे भाडेकरूच्या डोक्यावर उलथा घातलेला हौदच. म्हणून स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड करायची पद्धत पडली आहे. करारात शेड नव्हती, ती वेगळ्या हिशेबाने 2 लाख 80 हजारांत केली. मला कौलं हवी होती. त्याने पत्र्यांचा आग्रह धरला आणि कारण सांगितलं, की वरच्या भाडेकरूच्या पोरांनी क्रिकेट खेळताना कौल फोडलं तर भर पावसात चढणार कोण? पटलं. 16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाला घासून गेलं तेव्हा आमच्या आळीतले पत्रे माडांवर जाऊन अडकलेले सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे पकड हा विषय त्याने स्वतःहून काढला. जीआय पाइपचे खांब स्लॅबमध्ये आधीच सोडलेल्या प्लेटना वेल्ड केले, कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ मारले, प्रत्येकाखाली रबरी वॉशर. पश्चिमेकडे पत्रा भिंतीच्या बाहेर चांगला लांबवला, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. चारी बाजूंनी अर्धवट उघडं ठेवलं, वारा आरपार जावा, खाली अडकून पत्रा उचलू नये.

या शेडचा खरा फायदा मला नंतर कळला, आणि तो कॉन्ट्रॅक्टरने न मागता दिलेला होता. शेडखाली त्याने कपडे वाळत घालायला नायलॉनच्या दोऱ्यांसाठी हुक बसवले होते, चार बिऱ्हाडांच्या चार रांगा. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात भाडेकरूचा सगळ्यात मोठा प्रश्न गॅस किंवा इंटरनेटचा नसतो, ओल्या कपड्यांचा असतो. जागा बघायला येणाऱ्या बायका हॉलमध्ये मिनिटभर थांबतात आणि शेडखाली पाच मिनिटं. खोलीला कुबट वास येत नाही, भिंतीवर बुरशी धरत नाही, कारण ओले कपडे आत येतच नाहीत. आमच्यापेक्षा मोठ्या खोल्या कमी भाड्यात रिकाम्या पडलेल्या मला माहीत आहेत.

आता दुसरी बाजू.

विजेच्या वायरिंगच्या वेळी त्याने सुचवलं, "येकच मीटर घेवया, आतून सब-मीटर लावन देतंय. चार मीटर कित्याक?" चार वेगळ्या जोडण्यांचे अर्ज, पॅनेल, केबल यांचा खर्च आणि खटपट त्याला वाचवायची होती. नुसता हिशेब मांडून पाहा. घरगुती वीजदर टप्प्यांनी चढतो: पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 त्याहून महाग. चार बिऱ्हाडं 90-90 युनिट वापरत असतील तर वेगळ्या मीटरवर प्रत्येक जण पहिल्या टप्प्यात राहतो. एका मीटरवर त्याच चौघांची 360 युनिट होतात आणि शेवटची युनिट तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसतात. मग ती महाग युनिट कोणाची, यावरून दर महिन्याला माझ्या ओट्यावर पंचायत बसणार. शिवाय बिल माझ्या नावावर, म्हणजे भाडेकरूने थकवलं तर वीज तुटणार चौघांची. मी चार मीटर सांगितले, त्याने 'होय होय' म्हटलं, आणि भिंतीत पाइप घातले ते एका मीटरच्या बेताने. प्लास्टर झाल्यावर कळलं. पुन्हा भिंती फोडल्या. नव्या चिऱ्यात खाचा पाडताना त्याच्या गवंड्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या कामाचे पैसे मी दिले नाहीत, आणि त्यानेही मागितले नाहीत.

नळकामात हाच प्रकार, आणि तिथे नुकसान जास्त. वरच्या टाकीतून एकच मोठी लाइन खाली उतरवली आणि तिला चारही बिऱ्हाडांचे फाटे. बिऱ्हाडाला स्वतंत्र व्हॉल्व्ह नाही. स्वतःच्या घरात हे चालतं, नळ बिघडला तर तासभर सगळं बंद ठेवतो माणूस. इथे एका बाईच्या बेसिनचा नळ बदलायचा तर बाकी तिघांना आधी सांगावं लागतं, आणि त्यातला एक आंघोळीला बसलेला असतोच. पाइप भिंतीच्या आत, टाइल्सच्या मागे. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली तेव्हा ती पावसाची की गळतीची, हे शोधायला चांगल्या टाइल्स फोडाव्या लागल्या. गळतीच होती. भाड्याच्या घरात पाइप बाहेरून, डक्टमध्ये, हाताला येईल असे हवेत. दिसायला वाईट दिसतात, दिसू देत. वेगळा प्लंबर आणून प्रत्येक बिऱ्हाडाला व्हॉल्व्ह बसवून घेतले. राखून ठेवलेल्या पाच टक्क्यांतून ते बिल वजा केलं.

सेप्टिक टाकीबद्दल मी आधीपासूनच घाबरून होतो, कारण आमचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, हा भोकांचा दगड. जांभ्यातून मैलापाणी झिरपतं ते कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि शेजाऱ्याची विहीर उतारावर आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर लांब असावा असा दंडक आहे. कॉन्ट्रॅक्टरने खड्डा प्लॉटच्या सोयीच्या कोपऱ्यात आखला होता. तोच कोपरा विहिरीच्या बाजूचा. टेप लावली, तर अंतर पुरेसं नव्हतं. दुसऱ्या टोकाला हलवायचा म्हणजे कातळ फोडायचा, ब्रेकर मशीन आणायचं. त्याने कुरकुर केली, पण केलं. टाकी तीन कप्प्यांची, आतून प्लास्टर केलेली, झाकणं उघडता येतील अशी. त्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. फक्त टेप त्याने स्वतःहून लावायला हवी होती.

पाण्याचं म्हणाल तर मार्च उजाडला की सड्यावरच्या विहिरी तळ दाखवायला लागतात. बोअर मारली, पाणी लागलं, पण मेमध्ये तीही दमते. पत्र्याच्या शेडवर साधारण 120 चौरस मीटरवर पाऊस पडतो. तीन मीटर पाऊस धरला तर साडेतीन लाख लिटर पाणी पन्हळीतून नुसतं गटारात जातं. साठवायला तेवढी टाकी कोणाकडे असते? म्हणून पन्हळीचं पाणी वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून बोअरच्या शेजारी मुरवलं. ही कल्पना इंजिनिअरची, काम कॉन्ट्रॅक्टरचं, आणि ते नीट झालं. पहिला पाऊस धुऊन जाऊ द्यायला वेगळा वळणपाइपही ठेवला.

आता करमणुकीचा भाग. ज्या गोष्टींवर त्याचा जीव होता, त्यांना भाडेकरू दमडी जास्त देत नाही. हॉलला पीओपीची छत करायची होती त्याला, मध्ये गोल, भोवती निळे लाइट. आमच्या मंडळींनी एका वाक्यात निकाल लावला: "भाडेकरूंका पीओपी कित्याक व्हया?" समोरच्या भिंतीला दगडी टाइल्सचं एलिव्हेशन, गॅलरीला स्टीलचं नक्षीदार रेलिंग, दारावर कोरलेला गणपती. गणपती मी मान्य केला. उरलेल्या सगळ्याचे पैसे खिडक्यांवर लावले. पश्चिमेकडच्या खिडक्यांना यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटी, घेतलं, कारण साध्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या रुळात झडीचं पाणी साचतं आणि आत ओघळतं. खिडक्यांवरचे छज्जे दोन फूट बाहेर. तरी वरच्या बिऱ्हाडातली बाई मे महिन्यात पडवीला ताडपत्री बांधतेच. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, सवय आहे, जात नाही.

ग्रिलचं काम मात्र स्वस्तात उरकलं त्याने. समुद्र जवळ, हवेत मीठ. लोखंडाला नीट घासून झिंकचा प्रायमर दोन हात द्यायला हवा होता. एक हात रेड ऑक्साइड मारला आणि वर चकचकीत ऑइल पेंट. पहिल्याच पावसानंतर वेल्डिंगच्या जागांमधून गंज ओघळला, नव्या रंगावर तांबडे मिशांसारखे पट्टे. हे मी परत करून घेतलं, त्याच्या खर्चाने. करारात 'ग्रिल रंगवणे' एवढंच लिहिलं होतं, तरी भांडला नाही, एवढं श्रेय देतो.

वेळेबद्दल तक्रार नाही, पण समज हवी. दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत छप्पर, हा आमच्याकडचा नियम आहे. मधल्या काळात आंगणेवाडीच्या जत्रेला काम बंद, शिमग्याला बंद, लग्नसराईत गवंडी अर्धे, आणि विजापूरकडची माणसं गावी गेली की कधी परततील ते त्यांचे देवही सांगणार नाहीत. हे सगळं धरूनच त्याने तारीख दिली होती आणि छप्पर मेअखेरीस चढलं. आतलं काम पावसात चाललं आणि तंत्रनिकेतनच्या प्रवेशाच्या सुमारास पहिलं बिऱ्हाड राहायला आलं. शहरातून माणसं आणून 'चार महिन्यांत चावी हातात' म्हणणाऱ्यांचे अर्धवट उघडे सांगाडे पावसात भिजताना मी पाहिलेत.

पैशाचं उघडच लिहितो, कारण अशा वेळी लोक आकडे गिळतात. बांधकाम 40 लाख 70 हजार. शेड, बोअर-पंप, मीटर, कंपाउंड मिळून आणखी 5 लाख 30 हजार. एकूण 46 लाख, जमीन वेगळी, ती जुनी आहे. खालच्या बिऱ्हाडांना 7,000 भाडं, वरच्यांना 6,500. महिन्याला 27,000, वर्षाला 3 लाख 24 हजार. बिऱ्हाड बदलताना प्रत्येकी एक महिना रिकामा धरला आणि घरपट्टी, रंग, दुरुस्तीला 35 हजार काढले, की हातात 2 लाख 62 हजार. म्हणजे 46 लाखांवर 5.7 टक्के पडतात. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना 8.2 टक्के देते आणि तिचा नळ गळत नाही. मात्र तिथे एका माणसाला 30 लाखांची मर्यादा आहे, व्याज पाच वर्षांसाठी बांधलेलं राहतं आणि ते सगळंच करपात्र. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता 30 टक्के सरसकट सूट मिळते, खर्च झाला असो वा नसो. आणि भाडं दर करारात थोडं वाढतं. मी दोन्हीकडे पैसे ठेवलेत. नुसता टक्क्यांसाठी घर बांधणाऱ्याला मी बांधू नका असंच सांगेन.

करार 11 महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स, आणि नोंदणी केलेलाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. हे गावात कोणाला पटत नाही. मुद्रांक 0.25 टक्के, ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. एवढ्यासाठी स्टँपपेपरवर नुसत्या सह्या करून घेणारे लोक आहेत. पोरं राहायला आली तर करारात पालकाला घेतो आणि पोलीस पाटलाला सांगून ठेवतो.

थोडक्यात उत्तर हवं असलेल्या माझ्या मेहुण्याला, जो वेंगुर्ल्यात असंच बांधायच्या विचारात आहे, मी सांगितलं की चिरा, काँक्रीट, छप्पर, शोषखड्डा हे याच माणसाला दे. वीज आणि नळ करारातून बाहेर काढ, त्याचे वेगळे नकाशे करून घे आणि वेगळी माणसं लाव. रंग कोणाकडूनही कर, फक्त प्रायमर स्वतः उभा राहून मारून घे. आणि पाच टक्के सोडू नकोस, तो कितीही हसला तरी.

अजून एक काम बाकी आहे. वरच्या पश्चिमेकडच्या बिऱ्हाडात, जिन्याला लागून असलेल्या भिंतीवर यंदा श्रावणात हातभर ओलीचा डाग दिसला. पाइप तिथे नाही, म्हणजे झडच असणार, बहुतेक शेडचा पत्रा आणि जिन्याची भिंत जिथे मिळतात तिथल्या फ्लॅशिंगमधून, म्हणजे सांधा झाकणाऱ्या पट्टीतून. पाच टक्के केव्हाच देऊन झालेत, त्यामुळे आता तो बांधील नाही. फोन केला, तर गणपती होऊ देत, मग शिडी घेऊन येतो म्हणाला.